पडलबरी रग्बी क्लबची स्मरणिका

आमच्या ह्याईनं आजवर ज्या ज्या संस्थेचा इतिहास लिहिला, ती संस्था आधी भांडलेलीच होती. न भांडलेली संस्था आमच्या घरी येतच नाई. पतसंस्था असो, वाचनालय असो, नाई तर बोरगाव मेघेचं भजनी मंडळ असो, पन्नास वर्षं झाली की लोकाईले स्मरणिका काढाची खाज सुटते. स्मरणिका काढाले बसले की कोणी कोणाले निवडणुकीत पाडलं, कोणी कोणाची खुर्ची बळकावली, सगळं वर येते. मग अध्यक्ष एका दिवशी येऊन चहा पितात, सचिव दुसऱ्या दिवशी येऊन पितात, आणि दोघंही एकच बोलतात, "तिमांडे सर, तुमीच लिहा. तुमचं लिहिलेलं त्याईलेही चालंन."

सर म्हणजे माझा नवरा, केशव तिमांडे. झेडपीच्या शाळेत इतिहास शिकवून रिटायर झाले. मी इंदिरा, तहसील कचेरीत होती, मीही रिटायर. हे लिहितात आणि मी चहा करते. चहासोबत मी डोकंही खाते असं ह्याईचं म्हणणं हाये, ते खोटं नाई.

ह्याईच्या लिव्हाच्या पद्धतीचं एक शास्त्र हाये. कोण चुकलं हे कधीच लिव्हाचं नाई. अध्यक्षानं सचिवाच्या अंगावर शाईची दौत फेकली असंन, तर हे लिहितात, "काही अपरिहार्य कारणांमुळे सभा तहकूब करण्यात आली." दोन्ही पार्ट्याईचे फोटो पट्टी लावून एका मापाचे करतात. आणि नाव म्हणाल तर मंडपाची दोरी धरणाऱ्याचंही सुटू देत नाईत. आमच्या इकडं स्मरणिकेत नाव सुटलेला माणूस लग्नाच्या पंगतीत समोरासमोर बसला तरी मीठ वाढ म्हणत नाई. एका घरची माणसं तर अजून आमच्या गल्लीतून न जाता वळसा घालून बसस्टँडवर जातात.

फक्त एक नाव हे कधीच लिहित नाईत, ते म्हणजे आपल्या घरच्या माणसाचं. लिहिणाऱ्यानं घरच्याचं कौतुक कराचं नाई, मग त्यानं किती का खस्ता खाल्ल्या असो. "लोक म्हणतीन, सरानं आपलंच घोडं पुढं दामटलं," असं म्हणतात. ह्या शिस्तीचा सगळ्यात जास्त मार खाल्ला आमच्या यामिनीनं. ती ह्याईच्याच वर्गात होती. वक्तृत्वात पहिली आली तर ह्याईनं कप दुसऱ्या पोरीले देऊन टाकला, कारण काय, तर मास्तरची पोरगी. त्या दिवशी पोरगी पोळी पुढं घेऊन नुसती बसून राह्यली. मले तवा जो राग आलता तो अजून गेलेला नाई.

आता यामिनी तिकडं इंग्लंडात हाये. फिजिओथेरपी शिकली आणि तिथल्या पडलबरी नावाच्या लहानशा गावच्या दवाखान्यात लागली. त्या गावात एक रग्बी क्लब हाये. शनिवारी ती मैदानावर जाऊन खेळाडूंचे गुडघे, खांदे, कानं जागेवर बसवते, फुकट. पहिल्यांदा तिनं व्हिडिओ पाठवला तवा मले वाटलं गावात दंगल झाली. तीस दांडगी माणसं एका पपईसाठी चिखलात लोळून राह्यली होती. ह्याईनं चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि विचारलं, "हे कशावरून झालं?"

पपई म्हणजे त्याईचा चेंडू. सामन्याईच्या यादीतली क्लबची पायरी म्हणाल तर वरून मोजत आलं की दम लागते, खालून मोजलं की लगेच सापडते. अशा क्लबात आमची पोरगी गुडघे बसवता बसवता सचिव झाली. कोणी दुसरं तयारच नव्हतं म्हणे. तिथं सचिव म्हणजे मिटिंगचं लिव्हाचं, बस ठरवाची आणि शिव्या खाच्या.

तर मागच्या वर्षी क्लबले शंभर वर्षं होणार होती आणि इतिहास लिव्हाचा होता. तिथंही तेच, पार्ट्या. क्लबचं मैदान पहिले नदीकाठी होतं, हिवाळ्यात अर्धं पाण्यात जात जाय. मग काही जणाईनं मैदान टेकडीवर नेलं. टेकडीवरच्या मैदानाले असा उतार हाये की चेंडू ठेवला की तो आपल्या मनानं घरी जाते. तवापासून नदीवाले आणि टेकडीवाले अशा दोन पार्ट्या पडल्या. खेळतात एकाच संघातून, पण क्लबच्या स्वयंपाकघरात चहाच्या दोन किटल्या हायेत आणि एका पार्टीचा माणूस दुसऱ्या पार्टीच्या किटलीतला चहा पीत नाई. टेकडीवाल्याईचा पुढारी रॉजर, तो क्लबचा अध्यक्ष. नदीवाल्याईचा नॉर्मन, म्हातारा, दोन्ही गुडघ्यांनी अधू, पण जिभेनं ठणठणीत. एकानं इतिहास लिहिला की दुसरा म्हणे खोटा हाये. वैतागून यामिनी मिटिंगात बोलली, "माझे बाबा हेच काम करतात."

तिचा फोन आला तवा हे कूलरमध्ये पाणी टाकून राह्यले होते.

"बाबा, आमच्या क्लबचा इतिहास लिहाल का?"

"भांडण हाये का?"

"हाये."

"पार्ट्या किती?"

"दोन."

"मंग लिहितो," म्हणाले आणि बादली तिथंच ठेवून टेबलाशी जाऊन बसले. कूलर मी भरला.

दुपारी जेवण झालं की ह्याईचे फोन सुरू व्हायचे. आपण इकडं पापड वाळवून राह्यलो आणि घरात मोठ्यानं चालू, "गुड मॉर्निंग, तिमांडे सर स्पीकिंग, फ्रॉम वर्धा डिस्ट्रिक्ट." नॉर्मनले ऐकू कमी येते, ह्याईलेही कमी येते, म्हणून दोघंही ओरडत. पहिल्या दिवशी ह्याईनं विचारलं, जेवण झालं का. नॉर्मनले काही समजेना, की हा माणूस एवढ्या लांबून फोन करून माह्या जेवणाची चौकशी काऊन करून राह्यला. पण मग त्यानं काय खाल्लं ते सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो आपणच आधी सांगू लागला, आणि त्यात आमच्याकडं काय शिजलं तेही विचारू लागला. आमच्या घरची वांग्याची भाजी त्या माणसाले तोंडपाठ झाली.

ह्याईचे प्रश्न ठरलेले होते. पहिल्या सामन्याले प्रमुख पाहुणे कोण होते? नॉर्मन म्हणाला, कोणीच नाई. असं कसं चालंन? मग दोघाईनं डोकं लावून पंचाले प्रमुख पाहुणा केलं. क्लबनं रक्तदान शिबिर घेतलं का? नॉर्मननं विचार करून सांगितलं, रक्त तर दर शनिवारी जाते, पण कोणी बाटलीत धरत नाई. ह्याईनं लिहून घेतलं, "रक्ताच्या बाबतीत क्लब सदैव उदार राहिला आहे."

एका वर्षी त्याईले शेजारच्या गावानं शून्याविरुद्ध शहाण्णव असं धुतलं होतं. रॉजर म्हणे ते छापू नका. नॉर्मन म्हणे छापा, कारण त्या वर्षी कप्तान टेकडीवाला होता. ह्याईनं दोघाईले राजी केलं ते एका वाक्यात: "काही अपरिहार्य कारणांमुळे या सामन्यात आपल्या संघाची गुणसंख्या नोंदवता आली नाही." मैदान हलवलं तेही असंच काही अपरिहार्य कारणांमुळे हललं. दोघाईलेही ते वाक्य इतकं आवडलं की यामिनी म्हणाली, आता सामना हरला की ते बायकोले घरी जाऊन हेच सांगतात.

एक दिवस ह्याईनं विचारलं, "खेळाडूंचे कपडे धुवाचं कोण?" नॉर्मन थबकला. शंभर वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाला, विचारून सांगतो. त्यानं गावात विचारलं, तर डोरीन म्हणून एक बाई निघाली. तिनं जन्मभर चिखलाचे कपडे धुतले आणि मधल्या सुट्टीत संत्री कापून देली, तिच्या आधी तिच्या सासूनं. मग बस चिखलातून ओढणारा ट्रॅक्टरवाला निघाला, गोलपोस्ट रंगवणारा निघाला, चेंडू पळवणारं बस्टर नावाचं कुत्रं निघालं. हे नॉर्मनले रोज बजावत, "पाहा, नाव सुटू देऊ नका. सुटलेलं नाव माणसाले आतून खाते." नॉर्मननं ते असं मनावर घेतलं की तो काठी टेकत टेकडीवाल्याईच्या घरीसुद्धा गेला. त्याईच्या दारात तो किती वर्षांनी चढला ते त्यालेही सांगता येईना.

हे मराठीत लिहीत, कागदाचा फोटो काढून पाठवत, आणि यामिनी ड्युटी करून आली की त्याचं इंग्रजी करे. सुरुवात पृथ्वी थंड झाली तिथून होती. क्लब स्थापन व्हाले बरीच पानं लागली. पानं लावाचं काम प्रेसवाल्या मधुकररावाकडं होतं, कारण त्याईच्या प्रेसशिवाय ह्याईचा कोणावर भरवसा नाई. इकडं पानं लागणार आणि छापणार तिकडं. मधुकरराव इंग्रजी पुस्तक असूनही सवयीनं पहिल्या पानावर मंगल कलश टाकून मोकळे झाले. रॉजरले वाटलं तो आमच्या गावचा कप हाये. त्यानं राहू देला.

शेवटचं प्रूफ घरी आलं तवा मी चष्मा लावून बसली. आभाराची पानं मी दोनदा वाचली. डोरीन होती, डोरीनची सासू होती, ट्रॅक्टरवाला होता, बस्टर कुत्रा फोटोसहित होता. माह्या पोरीचं नाव कुठंच नव्हतं. कमिटीच्या फोटोखाली सगळ्याईची नावं डावीकडून ओळीनं, आणि शेवटी नुसतं "व सचिव".

मी यामिनीले फोन लावला. "तूच सगळं इंग्रजीत केलं ना? तुले दिसलं नाई का?"

"दिसलं आई."

"मंग टाकलं काऊन नाई? एक ओळ टाकाले काय लागते?"

"मी टाकून काय फायदा? बाबाईनं टाकाले पायजे." मग हळूच बोलली, "मले वाटलं, इतक्या लांबून तरी टाकतीन. रोज नवीन पान आलं की मी पहिले तेच पाहत होती. कुत्र्याचं नाव आलं त्या दिवशी तर मले वाटलं आता माहंच."

मले रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त संताप आला. ह्याईच्यापुढं प्रूफ आपटलं. म्हटलं, "कुत्र्याले जागा हाये आणि पोरीले नाई?"

"कुत्रा माह्या घरचा नाई," हे म्हणाले.

"ती थंडीत उभी राहून त्याईचे हाडं बसवते. हे सारं काम तुमच्यापर्यंत आणलं तिनं."

"म्हणूनच नाई. लोक म्हणतीन, पोरगी सचिव, बाप लेखक, घरातल्या घरात उरकलं. ही स्मरणिकेची शिस्त हाये इंदिरा, तुले नाई समजाची."

"आग लागो तुमच्या शिस्तीले," म्हटलं, आणि त्या दिवसापासून बोलणं बंद केलं. चहाही बंद. हे मधुकररावाकडं जाऊन चहा पिऊ लागले. मधुकररावाची बायको साखर कमी टाकते, तरी हे माघारले नाईत. प्रूफ जसंच्या तसं गेलं आणि तिकडं छापलं गेलं.

शंभरीचं जेवण शनिवारी होतं. त्याईची दुपार, आपली संध्याकाळ. यामिनी क्लबच्या हॉलमधून व्हिडिओ लावणार होती, कारण लेखकानं दोन शब्द बोलाचे होते आणि ती त्याचं इंग्रजी करून सांगणार होती. ह्याईनं निरोप समारंभाचा कोट घातला. उन्हाळ्यात कोट. मधुकररावही इस्त्रीचं शर्ट घालून आले. मी बोलत नव्हती, पण टीव्हीसमोर बसली, पोरगी दिसणार म्हणून.

हॉल भरलेला होता. सगळ्याईच्या हाती पुस्तक. कोणीही गोष्ट वाचून नाई राह्यलं, सगळे बोटं फिरवून नावं शोधून राह्यले होते, अगदी आपल्या लोकाईसारखे. डोरीन म्हातारी आपलं नाव शेजारच्याले दाखवे, मग त्याच्या पलीकडच्याले दाखवे. रॉजर दोन शब्द बोलला. टाळ्या झाल्या. हे उठून नमस्कार करणार तेवढ्यात नॉर्मन काठीवर भार देऊन उभा झाला. म्हणाला, "मी पुस्तक तीनदा वाचलं. एक नाव सुटलं हाये."

यामिनीनं ते मराठीत सांगितलं आणि ह्याईचा चेहरा पार उतरला. इतक्या दिवसांचा अबोला विसरून ह्याईनं माहं मनगट धरलं. मले राग होता तरी मी हात सोडवला नाई. ह्याईनं विचारलं, "कोणत्या पार्टीचं?"

"दोन्ही पार्ट्याईचं," नॉर्मन म्हणाला आणि त्यानं काठीनं आपल्या गुडघ्यावर टकटक केलं. "हा गुडघा ज्या पोरीमुळं आज उभा हाये, तिचं."

यामिनी तिथंच अडकली. तिनं मराठी केलंच नाई, पण गुडघा कोणाले समजत नाई? तिकडून रॉजर उठला आणि म्हणाला, माह्या खांद्यालेही तेच म्हणाचं हाये. मग नदीवाले उठले, टेकडीवाले उठले, खुर्च्या सरकल्याचा आवाज आमच्या घरात आला.

ह्याईनं घसा खाकरला. "यामिनी, त्याईले सांग. ती माही पोरगी हाये. आमच्याकडं लिहिणाऱ्यानं घरच्याचं नाव घ्याचं नसते."

तिनं सांगितलं. खाली पाहून सांगितलं.

यावर नॉर्मननं जे म्हटलं ते यामिनीनं तुटक तुटक मराठीत आणलं. "मिस्टर तिमांडे, तुमच्या घरी ती तुमची असंन. इथं ती आमची हाये. तुमी आमच्या माणसाचं नाव वगळलं, आणि आमाले ते लागलं."

मधुकरराव म्हणाले, "सर, हे बरोबर बोलून राह्यले."

हे उभे झाले. कोटाची बटनं लावली, परत काढली. स्मरणिकेत नाव सुटलं तर भरसभेत ते पूर्ण घ्या लागते, एवढं त्याईले माहीत होतं. मग म्हणाले, "यामिनी केशव तिमांडे." आणि थांबले. वर्गात हजेरी घेतानाही ह्याईनं तिचं पूर्ण नाव कधी घेतलं नव्हतं, नुसता नंबर घेत.

मग बोलले. लिहून आणलेलं नाई, मराठीत, पायाकडं पाहत. म्हणाले, ही पोरगी एकटी त्या देशात गेली, तवा तिच्याजवळ दोन स्वेटर होते आणि दोन्ही पातळ. पहिल्या हिवाळ्यात फोनवर रडे आणि सकाळी ड्युटीवर जाय. कोणी बोलावलं नाई तरी मैदानावर गेली आणि पडलेल्याईले उचललं. दोन किटल्याईच्या क्लबात ती दोन्ही किटल्याईतला चहा प्यायची. हे काम माह्यापेक्षा मोठं हाये. मी तिचा बाप हाओ म्हणून आजवर हे बोललो नाई, आणि त्यात नुकसान तिचं झालं. मले तिचा लई अभिमान हाये. एवढं बोलले आणि कोटाच्या बाहीनं नाक पुसलं.

सगळे यामिनीकडं पाहून राह्यले, इंग्रजी ऐकाले. पोरीचा चेहरा लाल झालता. तिनं दोन बोटांनी डोळे पुसले आणि इंग्रजीत चार शब्द बोलली, की बाबा म्हणतात मी काम बरं करते.

लोक टाळ्या वाजवाले लागले. ह्याईनं हात वर केला, शाळेत वर्ग गप कराले करत तसा. टाळ्या थांबल्या.

"नॉट कम्प्लीट," हे म्हणाले. "शी इज कटिंग. आय सेड मोर."

"बाबा, जाऊ द्या ना," यामिनी म्हणाली.

"जाऊ नाई द्याचं. पूर्ण सांग."

मग तिनं आपलं नाव आपल्याच तोंडानं घेतलं, पूर्ण, आणि पहिल्यापासून सांगाले लागली. स्वेटरपाशी अडखळली तर ह्याईनं स्वेटर आठवून देला. किटल्यापाशी थांबली तर किटल्या आठवून देल्या. शेवटच्या, अभिमानाच्या वाक्यावर ती नुसती नकाराची मान हलवे. ह्याईनं ते वाक्य परत म्हटलं, तिनं परत मान हलवली, ह्याईनं परत म्हटलं. जोवर तिनं ते सगळ्याईसमोर मोठ्यानं सांगितलं नाई, तोवर हे खाली बसले नाईत.